माझा सोळा वर्षांचा मुलगा दिवसभर ज्यूस वर्ल्ड ऐकतो. हा रॅपर कोण होता आणि मी काळजी करावी का?

तुम्ही लिहिलंय की मुलाच्या वह्यांवर जागोजागी ९९९ लिहिलेलं असतं, गाणी उदास वाटतात आणि नेटवर नाव शोधलं तर आधी ड्रग्जचीच बातमी येते. मी गिटार शिकवतो. माझ्याकडे येणाऱ्या त्याच वयाच्या मुलांमुळे ज्यूस वर्ल्ड माझ्या कानावर पडला आणि पुढे मी त्याला स्वतःसाठी ऐकायला लागलो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते ९९९. बायबलमध्ये ६६६ हा सैतानाचा आकडा, तो उलटा केला की ९९९. वाट्याला आलेलं वाईट उलटवून त्यातून काही चांगलं काढायचं, असा अर्थ ज्यूस वर्ल्ड स्वतः सांगायचा. ही कुठल्या टोळीची किंवा नशेची खूण नाही. त्याच्या आईने २०२० मध्ये सुरू केलेल्या संस्थेचं नावही लिव्ह फ्री ९९९ आहे. व्यसन, नैराश्य आणि चिंतेशी झगडणाऱ्या तरुण मुलांसाठी ती काम करते.

त्याचं खरं नाव जॅरड अँथनी हिगिन्स. जन्म २ डिसेंबर १९९८, शिकागो. वाढला शहराच्या दक्षिणेकडच्या होमवूड या उपनगरात. तो तीन वर्षांचा असताना वडील घर सोडून गेले. आई कार्मेला वॉलेस हिने मुलांना एकटीने वाढवलं. ती धार्मिक, शिस्तीची. घरात हिप-हॉप, म्हणजे रॅपचं संगीत, ऐकायला बंदी. व्हिडिओ गेमला मात्र बंदी नव्हती आणि टोनी हॉकच्या स्केटबोर्डिंगच्या गेममध्ये, गिटार हीरोमध्ये रॉक आणि पंक वाजायचं. ब्लिंक-१८२, ब्लॅक सॅबथ, फॉल आउट बॉय हे बँड त्याला तिथे भेटले. चौथ्या वर्षी पियानो सुरू झाला, मग गिटार, ड्रम्स, शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट. हे मी मुद्दाम सांगतोय. त्याच्या रॅपमध्ये इतकी चाल का आहे, वर चढताना आवाज रॉक गायकासारखा का फाटतो, याचं उत्तर त्या गेममध्ये आहे. उदास, भावनिक रॉकच्या चाली मिसळलेल्या या रॅपला इमो रॅप म्हणतात.

हायस्कूलमध्ये तो मोबाइलवर गाणी रेकॉर्ड करून साउंडक्लाउड या गाण्यांच्या वेबसाइटवर टाकायला लागला. २०१७ मध्ये शाळा संपली. एका कारखान्यात लागला, पण ती नोकरी दोन आठवडेही टिकली नाही. त्याच सुमाराला निक मिरा या विशीही न गाठलेल्या संगीत निर्मात्याशी गाठ पडली आणि ‘ल्युसिड ड्रीम्स’ हे गाणं झालं. स्टिंग या ब्रिटिश गायकाच्या १९९३ च्या ‘शेप ऑफ माय हार्ट’ या गाण्यातली गिटार त्याखाली वाजते. त्याचा गिटारवादक डॉमिनिक मिलरने बसवलेली ती बोटांनी छेडायची धून मूळची शांत, हिशेबी आहे. तिच्यावर हा पोरगा प्रेमभंगाचं रडगाणं गातो आणि ती शांतता पार बदलून जाते. माझ्याकडची मुलं शिकायला हीच धून मागतात. स्टिंगचं नाव त्यातल्या बहुतेकांनी ऐकलेलं नसतं. स्टिंगलाही हे गाणं आवडलं होतं, आणि या गाण्याच्या उत्पन्नातला मोठा वाटा स्टिंगकडे जातो.

२०१८ च्या फेब्रुवारीत शिकागोच्याच कोल बेनेट या व्हिडिओ दिग्दर्शकाने त्याच्या एका गाण्याचा व्हिडिओ केला, मार्चमध्ये इंटरस्कोप कंपनीने सुमारे ३० लाख डॉलरचा करार केल्याच्या बातम्या आल्या, मे महिन्यात पहिला अल्बम आला आणि त्याच वर्षी ‘ल्युसिड ड्रीम्स’ बिलबोर्ड या अमेरिकन लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. तेव्हा तो १९ वर्षांचा होता. मार्च २०१९ मधला ‘डेथ रेस फॉर लव्ह’ हा अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर आला.

आता ज्यासाठी मी त्याला मानतो ते. तो गाणी लिहून आणत नसे. बीट, म्हणजे मागे वाजणारं तयार संगीत, सुरू झाली की माइकसमोर उभा राहून जागच्या जागी रचायचा, चालीसकट. २०१८ मध्ये लंडनला टिम वेस्टवुड या रेडिओ निवेदकाच्या कार्यक्रमात त्याने एमिनेम या रॅपरच्या बीट्सवर तासभर असं रॅप केलं. ते यूट्यूबवर आहे. इंग्रजी कळलं नाही तरी बघा. आपल्याकडे गवई ज्याला उपज म्हणतात तीच ही गोष्ट: यमक संपत नाही, लय सुटत नाही, आणि मधेच एखादी ओळ अशी येते की तो स्वतःच हसतो. शिकवणारा म्हणून सांगतो, हे नुसत्या हुशारीने जमत नाही. त्यामागे लहानपणापासूनचं वेड्यासारखं ऐकणं आहे.

पण असं न थांबता मनातलं ओतण्याची दुसरी बाजूही आहे. जे आत होतं ते सगळं बाहेर आलं, आणि आत नशा होती. सहावीत असताना त्याने कोडीन हा अफूच्या जातीचा नशेचा घटक असलेलं खोकल्याचं औषध सोड्यात मिसळून प्यायला सुरुवात केली होती. पुढे वेदनाशामक आणि चिंतेवरच्या गोळ्या आल्या. फ्यूचर नावाचा मोठा रॅपर आहे, त्याच्या गाण्यांत या पेयाचा सतत उल्लेख असतो. ज्यूस वर्ल्डने त्यालाच सांगितलं की तुझी गाणी ऐकून मी सहावीत हे सुरू केलं. ते ऐकून आपण हे काय करून बसलो असं वाटल्याचं फ्यूचरने नंतर मुलाखतीत सांगितलं. तुमच्या काळजीला आधार नाही असं मी म्हणूच शकत नाही, तो या एका प्रसंगात आहे.

फरक मला इथे दिसतो की ज्यूस वर्ल्डच्या गाण्यांत नशेची ऐट फार थोडी आहे आणि भीती खूप. जून २०१८ मध्ये एक्सएक्सएक्सटेंटासिऑन या वीस वर्षांच्या रॅपरचा खून झाला. त्याआधी २१ वर्षांचा रॅपर लिल पीप ड्रग्जने गेला होता. दोघांसाठी केलेल्या ‘लेजंड्स’ या गाण्यात ज्यूस वर्ल्ड म्हणतो की सत्ताविसाव्या वर्षी गेलेल्या कलाकारांचं (‘२७ क्लब’चं) काय घेऊन बसलात, आम्ही तर एकविशीच्या पुढे जात नाही. ८ डिसेंबर २०१९ ला शिकागोच्या मिडवे विमानतळावर त्याला झटके आले. त्याच्या खासगी विमानातल्या सामानाची पोलीस आणि केंद्रीय अधिकारी झडती घेत होते. इस्पितळात त्याचा मृत्यू झाला. एकविसावा वाढदिवस होऊन सहा दिवस झाले होते. ऑक्सिकोडोन हे वेदनाशामक आणि कोडीन यांच्या विषबाधेने अपघाती मृत्यू, असा निष्कर्ष निघाला. त्याची ती ओळ लाखो मुलांनी सोबत म्हटली होती, आणि तो जे सांगत होता ते खरं होतं. याचं मला आजही वाईट वाटतं.

जुलै २०२० मध्ये आलेल्या ‘लेजंड्स नेव्हर डाय’ या अल्बमच्या अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात जवळपास ५ लाख प्रती खपल्या, त्यात ऑनलाइन ऐकणंही धरलेलं. त्यानंतरही अल्बम येत राहिले. मला ते सगळे सारखे पटत नाहीत. त्याने अर्धवट सोडलेल्या गाण्यांवर इतरांनी चढवलेला साज ऐकू येतो. पण ‘राइटियस’ आणि ‘विशिंग वेल’ ही दोन गाणी तुम्ही स्वतः ऐकावीत असं मला मनापासून वाटतं. मुलगा काय ऐकतोय ते त्यातून कळेल.

एका गोष्टीबद्दल मात्र मी माझ्या विद्यार्थ्यांशी वाद घालतो. त्याच्या सुरुवातीच्या गाण्यांत सोडून गेलेल्या मुलींवर फार राग आहे, शिव्या आहेत. एकाचं तर नावच सगळ्या मुली सारख्याच अशा अर्थाचं आहे. सोळाव्या वर्षी हे सहज खरं वाटतं. तुम्ही मुलाशी बोलणार असाल तर हा विषय टाळू नका. गाणी बंद करायला सांगून उपयोग होणार नाही. ज्यूस वर्ल्डच्या आईनेही हिप-हॉप बंद केलंच होतं. त्यापेक्षा सर्वांत आवडतं गाणं कोणतं आणि का, हे विचारा आणि तो सांगेल तेवढं ऐकून घ्या.

उदास गाणी ऐकणं हे काळजीचं लक्षण मी मानत नाही. झोप बिघडली, मित्र तुटले, पैसे नाहीसे व्हायला लागले, खोकला नसताना औषधाच्या बाटल्या सापडल्या, जगणं नको असं बोलणं आलं, तर मात्र थांबू नका. कोडीनची औषधं आपल्याकडेही डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी त्यांचा गैरवापर होतो. व्यसनासाठी सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. मन सावरण्यासाठी टेलि-मानसचा १४४१६ आहे, तिथे मराठीतही बोलता येतं, आणि मुलाच्या आधी तुम्ही स्वतः फोन करून सल्ला घेतलात तरी चालतं.