हवा छाती फुगवत नाही

हवा शिरते म्हणून छाती फुगते, हे आधी डोक्यातून काढून टाक. उलटं आहे. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा, आकुंचन पावून खाली सरकतं, छातीची पोकळी वाढते, फुप्फुसातला दाब बाहेरच्यापेक्षा जेमतेम 1 सेंटिमीटर उंच पाण्याच्या दाबाइतका उतरतो आणि तेवढ्यावर साधारण 500 मिलिलिटर हवा आत येते.

सगळे अडकतात ते दोन दाबांच्या घोळात. वायुकोशांतला, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांतला, दाब श्वास घेऊन झाला की पुन्हा शून्यावर, म्हणजे बाहेरच्याइतका. फुप्फुसावरणातला, म्हणजे फुप्फुसाभोवतीच्या दुहेरी आवरणाच्या फटीतला, मात्र शांत श्वसनात कायम उणेच: उणे 5 ते उणे 8 सेंटिमीटर पाण्याच्या आसपास. पाठ करू नकोस, दोन्ही दाबांचे आलेख एकाखाली एक काढून बघ.

उच्छ्वासासाठी स्नायू शोधत बसू नकोस. फुप्फुसं लवचिकपणामुळे आपणच आक्रसतात. खोकताना गोष्ट वेगळी, तिथे पोटाचे स्नायू लागतातच.