घोळणा फुटल्यावर डोके मागे करून कांदा हुंगवावा, हे खरे आहे का?

अंगातली उष्णता वाढली की मुलांचा घोळणा फुटतो आणि अशा वेळी डोके मागे करून टाळूवर पाणी थापावे, कांदा हुंगवावा, असे घरातली वडीलधारी मंडळी सांगतात; ते कितपत खरे, असे आपण विचारले आहे. यातली उष्णतेची गोष्ट अर्धी खरी आहे. डोके मागे करणे मात्र साफ चुकीचे आहे, आणि ती चूक मी स्वतः केलेली आहे.

मी अकोल्याजवळच्या एका शाळेत शिकवतो. एप्रिल महिन्यात परिपाठ चालू असताना पाचवीतल्या एका मुलाच्या नाकातून रक्त वाहू लागले. आम्ही त्याला बाकावर उताणे निजवले, कोणी माठातले पाणी डोक्यावर थापले, कोणी पोषण आहाराच्या खोलीतून कांदा फोडून आणला. नाकातले रक्त थांबलेले दिसले म्हणून आम्ही निर्धास्त झालो, तोच त्याला भडभडून रक्ताची उलटी झाली. रक्त थांबलेले नव्हतेच. ते घशावाटे पोटात उतरत होते. रक्त पोटात गेले की मळमळते, आणि उताण्या अवस्थेत ते श्वासनलिकेत शिरण्याचीही भीती असते.

दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याच्या पुढच्या भागात अनेक बारीक रक्तवाहिन्या एकत्र येतात. त्यांच्यावरचे आवरण अगदी पातळ असते, आणि घोळणा फुटण्याच्या सुमारे 90 टक्के घटनांत रक्त याच जागेतून येते. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात, तसेच थंडीतही, हवेत ओलावा नसल्याने हे आवरण सुकते, त्यावर खपली धरते आणि मुलाने नाकात बोट घातले की ती निघते. म्हणजे ऋतूचा संबंध जुन्या माणसांनी अचूक हेरला होता. फक्त कारण अंगातल्या उष्णतेत नसून नाकातल्या कोरडेपणात आहे.

जागा पुढेच असल्यामुळे उपायही सोपा आहे. मुलाला ताठ बसवून किंचित पुढे वाकवावे, नाकाचा शेंड्याकडचा मऊ भाग (वरचे हाड नव्हे) चिमटीत घट्ट धरावा आणि तोंडाने श्वास घ्यायला सांगावे. घड्याळ लावून पूर्ण 10 ते 15 मिनिटे चिमूट सोडू नये. मधेच सोडून पाहण्याचा मोह फार होतो, पण तेवढ्याने धरू लागलेली गुठळी सुटते. तोंडात आलेले रक्त गिळू न देता थुंकायला लावावे. गार पाण्याची पट्टी कपाळावर ठेवायला हरकत नाही, पण ती चिमटीची जागा घेऊ शकत नाही. कांद्याने काहीच साधत नाही, उलट त्याच्या उग्र वासाने शिंक आली तर रक्त पुन्हा सुरू होते. रक्त थांबल्यावरही निदान त्या दिवशी नाक जोराने शिंकरू देऊ नये.

20 मिनिटे दाबूनही रक्त थांबले नाही, डोक्याला मार लागल्यावर ते आले, किंवा रुग्ण रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारा असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता थेट दवाखाना गाठावा. वयस्कर माणसांत रक्त कधी कधी नाकाच्या मागच्या भागातून येते आणि तिथवर आपली चिमूट पोहोचत नाही.