घरून बागकामाचा व्यवसाय करायचा आहे, भांडवल किती लागेल आणि दर कसा ठरवू?

तुम्ही लिहिलंय की नर्सरीतल्या कामाचा अनुभव आहे, पुण्यात राहता, दुकान घ्यायचं नाही आणि घरूनच सोसायट्यांमधल्या बाल्कनी-गच्चीच्या बागा सांभाळायच्या आहेत. भांडवलाचं आधी सांगते. सिकेटर (फांद्या छाटायची कात्री), छोटी करवत, खुरपं, दोन लिटरचा फवारणी पंप, घमेलं, ताडपत्री, हातमोजे आणि थोडी माती-खतं हे सगळं दहा हजारांच्या आत बसतं. यात सिकेटर मात्र चांगलं घ्या. बोथट पात्याने फांदी कापली न जाता चिरडते आणि त्या टोकापासून वाळत खाली येते. गुलाबात तर हमखास. एका घरातून दुसऱ्या घरी जाताना पातं स्पिरिटने पुसा, नाहीतर एका बाल्कनीतला रोग तुम्हीच दुसरीकडे पोचवाल.

आता खरा मुद्दा. या धंद्यात पैसा रोपं विकण्यात फारसा नाही, तो दरमहाच्या देखभालीत आहे. आणि देखभालीचं काम टिकतं की तुटतं, हे तुम्ही नसताना कुंड्यांना पाणी कोण आणि कसं घालतं यावर ठरतं. म्हणून पहिल्या भेटीत झाडांआधी पाण्याची चौकशी करा. बहुतेक घरी कामाला येणाऱ्या मावशी घाईत प्रत्येक कुंडीत एकेक मग ओततात. कमी पाणी लागणाऱ्या अडेनियमलाही मगभर आणि मोगऱ्यालाही मगभर. मग जास्वंद दुपारी मान टाकते, घरचे म्हणतात पाणी कमी पडतंय, आणखी पाणी पडतं, आणि पंधरा दिवसांत झाड जातं. मुळं कुजली तरी पानं तशीच मलूल होतात, हे ग्राहकाला माहीत नसतं. दोन इंच माती उकरून पाहा. आंबूस वास आला, मुळं तपकिरी दिसली आणि चिमटीत धरून ओढल्यावर वरची साल सुटून आली, तर ती मुळकूज. लगेच कुंडीतून काढा, कुजकी मुळं छाटा, वरचा एक तृतीयांश भाग कमी करा, कोरड्या मिश्रणात लावा आणि आठवडाभर सावलीत ठेवा. कुंडीखालच्या ताटल्या पहिल्याच दिवशी रिकाम्या करायला लावा.

पाणी घालणाऱ्यासाठी सगळ्यात उपयोगी पडते ती रंगीत चिकटपट्टी. लाल पट्टीच्या कुंडीला रोज, पिवळीला एक दिवसाआड, निळीला आठवड्यातून एकदाच. मावशींशी स्वतः बोला, नीट समजावून सांगा, आणि उन्हाळा-पावसाळ्यात पट्ट्या बदला.

ठिबक मागणारे ग्राहक भेटतील. इथे फसगत होते ती दाबात. टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून दर दहा मीटर खाली साधारण एक बार दाब मिळतो, म्हणजे गच्चीवर किंवा सगळ्यात वरच्या मजल्यावर टाकी जेमतेम दोन-तीन मीटर वर असेल तर दाब पाव बारच्या आसपासच. दाब नियंत्रित करणारे ड्रिपर (थेंब थेंब पाणी सोडणारी तोंडं) एवढ्यावर नीट चालत नाहीत, आणि साध्या सोलेनॉइडचा (विजेच्या चुंबकाने उघडणाऱ्या झडपेचा) टायमरही बऱ्याचदा उघडत नाही. अशा ठिकाणी बॉल व्हॉल्व्हचा (गोळा फिरून उघडणाऱ्या झडपेचा) टायमर आणि हाताने कमी-जास्त करता येणारे ड्रिपर लावा. पाइपच्या सुरुवातीला जाळीचा फिल्टर हवाच. बोअरच्या पाण्याने ड्रिपरच्या तोंडाशी पांढरे क्षार साचतात, ते महिन्याला व्हिनेगरमध्ये भिजवून साफ करायचं काम तुमच्या करारात धरा.

मिश्रण घमेल्याने मोजायचं: चार घमेली पोयटा किंवा लाल माती, चार भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दोन गांडूळखत आणि प्रत्येक कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. पाच किलोची कोकोपीटची वीट फुगून साधारण 60 ते 70 लिटर होते. बारा इंची दहा कुंड्यांना एकूण दीडशे लिटर मिश्रण लागतं, म्हणजे एक वीट पुरते. स्वस्त विटेत मीठ असतं, त्यामुळे दोनदा धुऊन पिळून घ्या, नाहीतर पानांची टोकं करपतात. नुसती माती भरू नका. निचरा बिघडतो तो आहेच, पण वजनही वाढतं. भारतीय मानकांनुसार घराची बाल्कनी चौरस मीटरला साधारण 300 किलो भारासाठी आखतात, तर वापरातली गच्ची 150 किलोसाठी. एक फूट उंच ओली माती त्याच जागेत 500 किलोच्या घरात जाते. गच्चीवर मातीचे वाफे मागणाऱ्याला इंजिनिअरचा सल्ला घेऊनच या म्हणावं. कुंड्या स्टँडवर ठेवा म्हणजे पाण्याची वाट मोकळी राहते. खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली की पहिलं बोट बागेकडेच दाखवलं जातं, म्हणून काम घेताना जमिनीचे फोटो काढून ठेवा.

दर कुंडीमागे लावू नका, भेटीमागे लावा. समजा महिन्याला 30,000 हातात यायला हवेत, पेट्रोल-फोन-अवजारं मिळून 6,000 जातात. दिवसाला चार भेटी धरल्या तरी पाऊस, सुट्ट्या, रद्द झालेली कामं वजा जाता महिन्याला 75 भेटीच खऱ्या पडतात. म्हणजे भेट 480 रुपये. यापेक्षा कमी घेतलंत तर वर्षभरात तुम्हीच कंटाळून सोडाल. ग्राहक एकाच भागातले धरा. कोथरूड आणि खराडी एकाच दिवशी गाठायला गेलात तर चाराच्या तीन भेटी होतात. खत-माती-रोपांचे पैसे वेगळे, पावतीसह. रोपं उरुळी कांचनच्या बाजूच्या नर्सऱ्यांतून आणलीत तर शहरातल्यापेक्षा बरीच स्वस्त पडतात, पण आणल्याबरोबर ग्राहकाकडे नेऊ नका. आठवडाभर घरी वेगळी ठेवा आणि पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसतो का पाहा. ती पिठ्या ढेकूण नावाची कीड. दिसली तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि एक-दोन मिली पातळ साबण घालून संध्याकाळी फवारा, आणि सात दिवसांनी पुन्हा, कारण अंड्यांवर पहिली फवारणी पोचत नाही.

‘झाड मेलं तर बदलून देऊ’ अशी हमी देऊ नका. पाणी तुमच्या हातात नाही. स्वतः लावलेल्या रोपाची एक महिन्याची जबाबदारी घ्या, तेवढं रास्त आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात: उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, पैसे मागणाऱ्या साइटपासून लांब राहा. सेवांची उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या आत असेपर्यंत साधारणपणे जीएसटी लागत नाही. कीटकनाशकं विकायला 1968 च्या कायद्याने परवाना लागतो, त्यामुळे ती स्वतःच्या घरून विकू नका. आणि सोसायटीने आवारातल्या झाडाच्या फांद्या तोडायला सांगितल्या, तर आधी महापालिकेच्या उद्यान विभागाची लेखी परवानगी पाहायला मागा. झाडं खासगी जागेत असली तरी 1975 चा वृक्ष संरक्षण कायदा लागू होतो, आणि करवत ज्याच्या हातात असते तोही त्यात अडकतो.