खलनायक लिहिताना

तुमच्या कथेतला थोरला भाऊ पहिल्या ओळीपासूनच दुष्ट दिसतो, तिथेच बिनसलंय. मसुद्यातले ‘कपटी’, ‘नीच’, ‘क्रूर’ हे शब्द आधी खोडा. उरलेल्यात काहीच घडत नसेल, तर ते पात्र नव्हतंच, नुसती विशेषणं होती.

आता बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या वाड्याच्या वाटणीचा प्रसंग. थोरल्याच्या तोंडून, ‘मी’ वापरून, २०० शब्द वेगळे लिहा. ते कथेत घालायचे नाहीत. वडील गेल्यावर घरपट्टी कोणी भरली, आईची औषधं कोणी आणली, हे त्याला सांगू द्या. त्याचं म्हणणं क्षणभर तरी पटलं पाहिजे. मग कृती. तो आईसाठी मोसंबी सोलतो, एकेक बी काढून फोडी भरवतो, तिचा अंगठा वाटणीपत्रावर उठवतो आणि मोसंबीच्याच रुमालाने शाई पुसतो. पुढे स्पष्टीकरणाचं एक वाक्यही नको.

धाकट्याचा चांगुलपणा मात्र फुकटचा आहे, आणि ही चूक जास्त मोठी. खरं बोलल्यावर त्याची राहती खोली जाऊ द्या.

निकालाची घाईही नको. बडोद्याचंच बघा ना: रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याच्या आरोपावरून तिथले महाराज मल्हारराव गायकवाड यांची १८७५ मध्ये चौकशी झाली. सहा जणांच्या आयोगात तीन इंग्रज सदस्यांना ते दोषी वाटले, ग्वाल्हेरच्या शिंद्यांसह तिघा हिंदी सदस्यांना आरोप सिद्ध वाटला नाही. गादी तरीही गेली. तुमच्या वाचकांतही अशी फूट पडली तर पडू द्या.