मार न लागता डोळ्यांभोवती काळंनिळं कशामुळे पडतं?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना कुठे लागलेलं नाही, तरी दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं पडलंय. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, ती थांबवावी का? स्वतःच्या मनाने अजिबात थांबवू नका. ज्यांनी गोळी दिली त्यांना आजच डोळे दाखवा. ती गोळी वॉरफरिन असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघतील, आणि प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी किती आहेत ते बघतील.

पण मार लागला नाही म्हटलं की लोकांना पटत नाही. मी ते भोगलंय, म्हणून लिहितेय.

आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. एका थंडीत सासूबाईंना खोकल्याची उबळ धरली, रात्रभर खोकत होत्या. सकाळी बघते तर दोन्ही पापण्या वांग्यासारख्या जांभळ्या. दुखत काहीच नव्हतं. हळूहळू उतरलं, खोकला उलटला तसं पुन्हा आलं. नणंद नाशिकरोडहून आली, आईचं तोंड बघितलं आणि शेजारणीसमोर मला विचारलं, "हात उचललास का गं हिच्यावर?" सासूबाई नाही नाही म्हणताहेत, तर म्हणे आई घाबरून बोलत नाही.

नेहमीच्या डॉक्टरांनी वयावर ढकललं. शेवटी गंगापूर रोडच्या एका फिजिशियनकडे नेलं. त्यांनी डोळ्यांपेक्षा जीभच जास्त वेळ बघितली. जीभ जाड झालेली, कडेला दातांचे खळगे उमटलेले. घोट्यावर अंगठा दाबला, तर खड्डा तसाच राहिला. लघवीला फेस येतो का, विचारलं. येत होता. मग पोटावरच्या चरबीचा नमुना तपासायला गेला आणि निघालं एएल अमायलॉयडोसिस. यात बोन मॅरोतल्या, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजातल्या पेशी सदोष प्रथिन बनवतात, ते किडनीत, हृदयात, जिभेत आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचतं. अशी रक्तवाहिनी नुसत्या खोकल्याने, शिंकेने, डोळे चोळल्यानेही फुटते. पापणीची कातडी सगळ्यात पातळ, म्हणून तिथे लगेच दिसतं. खरा धोका हृदयाला आणि किडनीला असतो. त्या सदोष पेशी मारणाऱ्या बोर्टेझोमिब या औषधाची इंजेक्शनं सुरू झाली.

हा आजार दुर्मिळ आहे, घाबरू नका. तुमच्याकडे गोळीचाच संशय जास्त. मात्र ते बाथरूममध्ये पडले नाहीत ना, हे खोदून विचारा, म्हातारी माणसं लपवतात. कपाळाला मार लागला तर तिथलं रक्तसुद्धा खाली डोळ्यांपाशी उतरतं. डोकं आपटून एक-दोन दिवसांत दोन्ही डोळे काळे झाले, नाकातून पाणी येतंय, तर कवटीच्या तळाचं हाड मोडलेलं असू शकतं. नाक शिंकरू द्यायचं नाही, थेट सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठायचं. रक्त पातळ करायची गोळी चालू असताना डोकं आपटलं असेल तर बाकी लक्षणांची वाटच बघू नका. आणि लहान मुलाला न लागता असं झालं तर एक दिवसही थांबू नका, न्यूरोब्लास्टोमा नावाचा कॅन्सर असा दिसू शकतो.

घरात म्हाताऱ्यांना मारहाण होते, हेही खरंच. शंका घ्या, जरूर घ्या. पण सगळ्यांना बाहेर काढून त्या माणसाला एकट्याला विचारा आणि तो काय सांगतो ते ऐका. माझ्या नणंदेने हे केलं नाही. रिपोर्ट आल्यावर तिने फाईल चाळली, "बरं" म्हणाली आणि विषय बदलला. तिने हे वाचलं तर एवढंच सांगायचंय: विचारलंस शेजारणीसमोर, तर रिपोर्टही तिच्यासमोरच वाच.