कुलमुखत्यार: ‘कुल’ घराण्याचं नाही, ‘मुख’ तोंडाचं नाही

प्रश्न असा आला आहे: ‘कुलमुखत्यारपत्र’ (इंग्रजीत जनरल पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) बरोबर की ‘कुळमुखत्यारपत्र’? त्यातलं कुल म्हणजे घराणंच ना? आणि एजंट म्हणजेच मुखत्यार का?

‘कुळ’ कृपा करून लिहू नका. कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, ज्याच्यासाठी १९४८चा कुळकायदा झाला. सातबाऱ्यावर कुळाचं नाव असणं आणि हातात मुखत्यारपत्र असणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. घराण्याशीही इथे काही संबंध नाही. हा अरबी ‘कुल्ल’: सगळं, एकूण एक. जुन्या इनामपत्रांत ‘कुलबाब कुलकानू’ असे शब्द येतात, म्हणजे सगळ्या बाबी आणि सगळे कर. तेच हे कुल. सगळ्या व्यवहारांसाठी नेमलेला तो कुलमुखत्यार.

आता मुखत्यार. ‘मालकाच्या मुखाने बोलतो तो मुखत्यार’ ही व्युत्पत्ती मी भाषणांत ऐकली आहे, चांगल्या शिकलेल्या माणसांकडून ऐकली आहे, आणि प्रत्येक वेळी एकच विचारलं आहे: मग ‘त्यार’ कुठून आलं? असा प्रत्यय ना संस्कृतात, ना मराठीत. मूळ शब्द अरबी ‘मुख्तार’. त्याचा धातू ख-य-र, अर्थ निवडणं, पसंत करणं, चांगलं असणं. ‘मु’ हा पुढे लागलेला उपसर्ग आणि ‘ख’ धातूचं पहिलं अक्षर. म्हणजे ‘मुख’ असा तुकडा पाडला की उपसर्ग आणि अर्धवट धातू एकत्र हातात येतात. या धातूचा गोतावळा आपल्या तोंडी रोज असतो. ‘आता तुझी खैर नाही’मधली खैर, खैरात, आणि ‘हे माझ्या अखत्यारीत नाही’मधला अखत्यार. (खैराचं झाड मात्र यातलं नाही, ते संस्कृत खदिर.)

खरी गंमत पुढे आहे. अरबीत या धातूचं ‘निवडणारा’ आणि ‘निवडलेला’ ही दोन्ही रूपं एकसारखीच होतात: मुख्तार. दुसऱ्याने निवडलेला तोही मुख्तार आणि ज्याला स्वतः निवड करता येते तोही मुख्तार. हा शब्द मला वर्षानुवर्षं मोहवतो तो यामुळे. भारतीय करार कायदा १८७२चा, त्याच्या दहाव्या प्रकरणात एजन्सीचे नियम आहेत, आणि त्यातले अवघड पेच याच दोन अर्थांच्या मधे उभे आहेत. शेतकऱ्याने कांदा अडत्याकडे दिला आणि बजावलं, ‘अमुक भावाखाली विकायचा नाही’. अडत्याने खाली विकला. घेणाऱ्याला त्या ताकिदीचा पत्ता नव्हता. कलम २३७ सांगतं की सौदा शेतकऱ्यावर बंधनकारक आहे, कारण अडत्याला तो अधिकार आहे असं शेतकऱ्याच्याच वागण्यातून दिसलं होतं. नुकसान शेतकऱ्याने अडत्याकडून मागावं; घेणाऱ्याला त्यात ओढू नये. घरात अडत्या ‘निवडलेला’, बाजारात ‘निवडणारा’.

सरकारी परिभाषेने एजंटाला ‘अभिकर्ता’ म्हटलं आहे. मला हा शब्द मुळीच मान्य नाही. ‘करणारा’ एवढंच त्यातून कळतं; कोणी नेमला, कोणासाठी करतो, काहीच कळत नाही. आणि ज्याच्या वतीने एजंट काम करतो त्या ‘प्रिन्सिपल’साठी नवा शब्द घडवायची गरजच काय होती? आपल्याकडे ‘अशील’ आहे! त्यात ‘शील नसलेला’ असा अर्थ शोधणाऱ्यांनी ‘अस्सल’ शब्द आठवावा. दोन्ही अरबी ‘अस्ल’चे, म्हणजे मुळाचे. अशील म्हणजे मूळ माणूस, ज्याचं काम आहे तो. वकील म्हणजे ज्यावर काम सोपवलं तो. आणि समोरचा तिऱ्हाईत. तीन पक्ष, तीन शब्द, तिन्ही घरातले. वकिलाला फक्त कोर्टात उभं करून आपण त्याचा अर्थ आखडला आहे. १७८४मध्ये बादशहा शाह आलमने पेशव्यांना ‘वकील-इ-मुतलक’ केलं आणि महादजी शिंदे त्यांचे नायब म्हणून दिल्लीचा कारभार पाहू लागले. मुतलक म्हणजे अनिर्बंध. वकील-इ-मुतलकचं चोख मराठी कुलमुखत्यार असंच होईल, असं माझं ठाम मत आहे, आणि महादजी मग उपमुखत्यार. ‘सन्मानाचा किताब’ म्हणून ही पदवी गुंडाळून टाकणाऱ्यांशी माझं पटत नाही. अशील दुबळा आणि मुखत्यार बलाढ्य, अशी ती नेमणूक होती.

चीड येते ती दुसऱ्याच वापराची. नोंदणी कार्यालयाच्या बाकावर शेजारी बसलेले एक गृहस्थ पिशवीतून स्टँपपेपर काढून मला दाखवत होते: ‘कुलमुखत्यारपत्र आहे, म्हणजे फ्लॅट माझाच झाला.’ नाही झाला. २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट सांगितलं की मुखत्यारपत्राने मालकी जात नाही. त्यासाठी नोंदवलेलं खरेदीखतच लागतं. शिवाय अशील वारला की मुखत्यारीही सहसा संपते (करार कायद्याचं कलम २०१). अपवाद कलम २०२चा: त्या मालमत्तेत मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध असेल तर. अमेरिकेतल्या मुलाने पुण्यातल्या काकांना मुखत्यारपत्र पाठवलं तर काका सही करतील ती मुलाच्या वतीने, आणि तसं सहीखाली लिहितील.

एजंट आणि मुखत्यार? प्रत्येक मुखत्यार एजंट असतो. प्रत्येक एजंट मुखत्यार नसतो, कारण मुखत्यारीला कागद लागतो आणि अडत्याला तोंडी सांगितलं तरी चालतं. कागदावर लिहाल तेव्हा ‘कुलमुखत्यारपत्र’ असं एकाच शब्दात, ‘कु’ ऱ्हस्व.