सहा वर्षांच्या मुलीची दाढ किडली आहे. दुधाचीच आहे, पडणार. तरी भरावी का? इंदूरमध्ये कमी खर्चात कुठे?

हो, भरायलाच हवी. एम. वाय. रुग्णालयाजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. सकाळी ओपीडीत न्या, खासगीच्या मानाने खर्च बराच कमी येतो. दुधाचे पुढचे दात सहा-सातव्या वर्षी पडतात, दाढा मात्र दहा-बारापर्यंत राहतात. दाढ आधीच काढावी लागली, तर मागची पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला जागाच उरत नाही.

पण आधी ती दुधाचीच आहे ना, हे बघा. मुलीला उजेडात बसवून समोरच्या मधल्या रेषेपासून एका बाजूचे दात मोजा. पडलेल्या दाताची रिकामी जागाही मोजा. किडलेली दाढ सहावी निघाली तर ती पक्की आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास ही दाढ एकही दात न पडता मागे उगवते, म्हणून घरात कुणाच्या लक्षातच येत नाही. ती गेली की पुन्हा येत नाही, तेव्हा अजिबात थांबू नका.

मुलगी सरकारी शाळेत असेल तर शाळेत मुलांची आरोग्य तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून रेफरल चिठ्ठी (पुढच्या उपचारासाठी पाठवल्याची चिठ्ठी) मिळाली असल्यास सोबत न्या. मात्र शाळेतली तपासणी नुसत्या डोळ्यांनी होते. दोन दातांमधली कीड बहुधा एक्स-रेतच कळते. गाल सुजला किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवा.